पलीकडचा कडा

“वहिनी, पलीकडच्या कड्याखाली अजून ट्राउट मासा लागतो का हो?” खेचरावरचं ओझं उतरवता उतरवता हद्दूनं विचारलं.

इत्तो चुलीसाठी दगड मांडत होती. तिनं मान वर केली नाही. “लागतो की. ओढा तळ्यात पडतो ना, तिथंच मोठे असतात. या काठाला काय, बोटभर पिल्लं.”

“आणि वाट?”

“वाटेला काय धाड भरलीय? परवाच मेंढरं गेली तिकडनं.”

मेंढरं गेली होती खरी. पण परवा नाही, गेल्या उन्हाळ्यात. या हिवाळ्यात बर्फानं कड्याच्या कमरेची वाट आतून पोखरली होती. वर हातभर माती, खाली पोकळी आणि त्याखाली सरळ तुटलेला कडा. दोन शेळ्या गमावलेल्या एका मेंढपाळणीनं इत्तोला हे आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. इत्तोनं ते पोटात ठेवलं. उलट त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, “सगळे मिळून वरच्या तळ्यावर जाऊ या. हे आल्यापासून एकदाही गेलो नाही.”

हे म्हणजे तिचा नवरा, बस्सू. नऊ वर्षं तुरुंगात काढून तो नुकताच घरी आला होता.

बस्सू एके काळी शिशाच्या खाणीत कामाला होता. तिथला सुरुंग लपवून आणायचा, याच तळ्यात उडवायचा आणि उलटे तरंगणारे मासे टोपल्यांनी भरायचे, असा त्याचा उद्योग चाले. एका पहाटे तळ्याचा राखणदार नेमका पाण्यात उतरलेला होता. त्याचं प्रेत आठ दिवसांनी वर आलं. महिनाभर सगळे म्हणत होते, बिचारा पाय घसरून बुडाला. मग एका बाजारच्या दिवशी बस्सू घरी परतलाच नाही. धाकटा भाऊ हद्दू एकटाच आला. “दादाला बाजारात शिपायांनी धरलं,” एवढं बोलून तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. बस्सूची मुलगी यामना तेव्हा दोन वर्षांची होती.

त्यानंतर इत्तोनं गालिचे विणले. बोटं वाकडी होईपर्यंत विणले. दर हिवाळ्याआधी हद्दू लाकडं टाकून जाई, पिठाचं पोतं आणी, यामनाला बूट आणी. वहिनीच्या नजरेला नजर मात्र कधी देत नसे. इत्तोला वाटे, दीर असावा तर असा.

या वसंतात एका लग्नात चौकीतला म्हातारा आचारी भेटला. चहाचा घोट घेता घेता बोलून गेला, “बातमी घेऊन आला तो तुझ्याच घरातला होता, बाई. नाव नको विचारूस.”

विचारायचं कशाला? घरात पुरुष दोनच. त्यातला एक तुरुंगात गेला.

त्या दिवसापासून ती लाकडं, ते पीठ, ते बूट, सगळं तिच्या घशात अडकलं. बस्सूला तिनं एकदा आडून विचारलंही, “कुणी चुगली केली असेल हो?” “जाऊ दे ना आता,” म्हणून तो उठून खेचराला पाणी पाजायला गेला. इत्तोला वाटलं, इतका भोळा माणूस! याचा हिशेब आपल्यालाच करायला हवा.

हद्दूनं गळकाठी उचलली. “वहिनी, खरं सांगू? आज तुम्ही आपणहून बोलावलंत, फार बरं वाटलं.”

“जा आता. ऊन चढलं की मासा तळाशी जातो.”

“काका, मी पण येते!” यामना धावली.

इत्तोनं तिचं मनगट इतकं आवळलं की पोर कळवळली. “मुकाट्यानं बस इथं. कांदे चिर.”

“आई, पण काका...”

“बस म्हटलं ना!”

हद्दू हसला. “आईशी हुज्जत घालू नये, बाळ. तुला हातभर मासा आणतो की नाही बघ. वहिनी, मीठ काढून ठेवा.”

तो शीळ घालत निघाला. अलीकडच्या काठावर बस्सू पाठमोरा, गळ टाकून बसला होता. इत्तोनं त्याला पुदिन्याचा चहा नेऊन दिला आणि शेजारीच उभी राहिली. हद्दूची निळी टोपी कड्याच्या कमरेला पोचली. तिथं तो क्षणभर थांबला. टोपी पुढं सरकली.

आधी धूळ दिसली. मग आवाज आला. तळ्यावरची बदकं एकदम उठली.

“काका!” यामना किंचाळत काठाकाठानं धावत सुटली.

बस्सूच्या हातातला पेला पडला. तो उठून धावणार, तोच इत्तोनं त्याचा झगा धरला.

“कुठं निघालात? उरलंय काय आता तिथं?”

“सोड! वेडी झालीस का? हद्दू...”

“मीच पाठवलं त्याला. वाट पोखरलेली आहे हे मला ठाऊक होतं.” तिचा आवाज जराही कापत नव्हता. “त्यानंच तुम्हाला धरून दिलं. सख्ख्या भावानं! आचाऱ्यानं सांगितलं मला. नऊ वर्षं मी जळले, आज निवले. तुम्ही जाब विचारला नाहीत, म्हणून मी विचारला.”

आता हा आपल्याला जवळ घेईल, निदान रडेल तरी, असं तिला वाटलं. बस्सू चिखलातच बसला. पलीकडून यामनाच्या हाका येत होत्या.

“मला कुणी धरून दिलं नाही, इत्तो,” तो म्हणाला. “तो राखणदार मला झोपू देईना. मी माझ्या पायांनी चौकीत गेलो. तुला काय तोंड दाखवू, म्हणून हद्दूला खोटं बोलायला लावलं. चौकीच्या दारापर्यंत तो माझे पाय धरून मला मागं ओढत होता.”