खिडकी बंद होती

रोहित फिटर आत आला आणि आधी मागच्या सीटखाली हात घालून त्यानं सिलिंडर बंद केला. मग पुन्हा एकदा तपासला.

"सावकाश कर, बाबा," रत्नाबाई म्हणाल्या.

रिहे गावात, त्यांच्या भातखाचराच्या कडेला ते मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभं होतं. त्यांच्या मुलानं, शेखरनं मारुंजीत हौसेनं बांधून घेतलेलं, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना फिरायला द्यायला. कुठलं काम कुणाकडून करून घेतलं, हे त्यालाच ठाऊक. आणि तो बारा दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता. याच बाथरूममध्ये अंघोळ करताना गिझरच्या गॅसनं गुदमरला होता. डॉक्टर रोज 'बघू' म्हणत होते.

गावानं मात्र निकाल लावून टाकला होता. थंडी वाजते म्हणून खिडकी लावली ती त्याच्या बायकोनं, दिशानं. म्हणजे दोष तिचाच. गावाला असल्या कामाला वेळ लागत नाही. दिशा तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हती. आत्ताही मोबाइल मुठीत धरून पायरीवर बसली होती. दवाखान्यातून कधी फोन येईल, याचा नेम नव्हता.

रोहितला भीती वाटत होती. गॅसचं काम, त्यात इथं असं घडलेलं, कुणालाही वाटेल. त्यानं जुन्या गिझरच्या स्क्रूला हात घातला, तर ते आधीच ढिले. रस्त्याचे हादरे, दुसरं काय! गिझर उतरवून त्यानं लगेच पोत्यात गुंडाळला.

नव्या गिझरच्या पाठीवर सवयीनं मार्करनं तारीख आणि मोबाइल नंबर लिहिला. सगळे फिटर लिहितात. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायला नको. मग गिझर भिंतीला बसवला आणि नवं भोक पाडून त्याचा पाइप बाहेर काढला.

"ह्यो पाइप कशाला?" रत्नाबाईंनी विचारलं.

"धूर बाहेर जायला."

"जुन्याला न्हवता."

"नसंल." रोहितनं मान वर केली नाही. "खिडकी उघडी असली की चालतं, मावशी. खिडकी बंद होती, तितंच घोळ झाला."

पायरीवर दिशानं डोळे मिटून घेतले.

"माझा नंबर कुणी दिला तुमाला?" रोहितनं विचारलं.

"मिळाला."

सिलिंडर चालू केल्यावर नळाला गरम पाणी आलं. रत्नाबाईंनी धारेखाली हात धरला. "आता कुणाला काय व्हनार न्हाई ना?"

"न्हाई. माझी गॅरंटी." त्यानं पोतं उचललं. "जुना भंगारात टाकतो. असली वस्तू दारात नको."

"ने की," त्या म्हणाल्या.

रोहितचा जीव भांड्यात पडला. भराभर पोतं बाइकला बांधून त्यानं किल्ली लावली, तेवढ्यात दिशा उठून समोर आली. बारा दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"नंबर कुणी दिला, विचारत होता ना?"

तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. जुना गिझर भिंतीवरून उतरवून, पालथा ठेवून काढलेला फोटो होता. पाठीवर मार्करनं लिहिलेली दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि तिच्याखाली रोहितचाच नंबर.