पुराव्याची गार

चांदवडकडच्या वादळात मालनबाईंच्या कांदाचाळीचे पत्रे उडाले आणि थेट बाभळीवर जाऊन बसले. गारा लिंबाएवढ्या पडल्या, हे पुढं कोणाला खरं वाटणार नाही, म्हणून त्यांनी एक गार वाटीत घालून फ्रीजरमध्ये जपून ठेवली.

तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. त्यांनी पत्र्यांचे फोटो काढले, सुनेनं दिलेलं सरबत हातात घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'गारा हरभऱ्याएवढ्या.'

"हरभऱ्याएवढ्या? मग माझ्या डोक्याला हे टेंगूळ काय हरभऱ्यानं आलं? थांबा, पुरावाच आणते!"

मालनबाई तरातरा आत गेल्या. फ्रीजरमधली वाटी रिकामी होती.

"तेजू, हितली गार कुठं गेली?"

सकाळीच माहेराहून परतलेली तेजस्विनी गडबडली. "ती गार होती, आत्याबाई? मी बर्फ समजून सरबतात टाकली."

दोघी धावत दारात आल्या. भाऊसाहेब ग्लास वर धरून निरखत होते. "सरबत झकास झालंय हो, पण बर्फाचा खडा केवढा घातलाय! तोंडात मावेना!"

 

"हरभरा खोडा, भाऊसाहेब," मालनबाई ओरडल्या, "आन आत्ता बोललात तेच लिहा!"