वॉटी लम्सडेनचा दंड

गोल्फचा पंधरावा होल. गिल्बर्ट एका होलने पुढे.

"तिकडे सशांची बिळं आहेत, गिब. आत शिरण्याआधी दार वाजव," वॉटी लम्सडेन म्हणाला.

गिल्बर्ट रेनीचा चेंडू काटेरी झुडपांत गेला होता. वॉटीची थट्टा नेहमी फटक्यानंतर यायची, आधी कधीच नाही. समोरचा चेंडूपाशी उभा राहिला की वॉटी आपली सावलीसुद्धा आवरून घ्यायचा.

"वैतागू नकोस. गेला तो फटका. आता फक्त पुढचा."

"एकोणचाळीस वर्षं हेच ऐकतोय."

"आणि एकोणचाळीस वर्षं वैतागतोयस!"

सोळावा. बरोबरी.

थर्मासच्या झाकणात चहा ओतताना वॉटीने अर्धा बुटांवर सांडला. त्याचे हात आता सतत थरथरत. सोमवारी मुलगी त्याला अॅबर्डीनच्या इस्पितळात नेणार होती. तिथून तो परत येईल असं डॉक्टरही म्हणत नव्हते. दरवर्षी दोघे एक सामना खेळत. हा शेवटचा.

गिल्बर्टला तो जिंकायचा होता. नुसता जिंकूनही भागणार नव्हतं. वॉटीने शेवटचा फटका मारायला हवा होता, चुकवायला हवा होता आणि मग हरायला हवं होतं.

अठरावा. एकोणचाळीस वर्षांपूर्वी.

क्लबच्या अजिंक्यपदाची अंतिम लढत, बरोबरीत. गिल्बर्टने शेवटचा होल चार फटक्यांत संपवला होता. वॉटीचा चौथा बाकी होता, अंतर जेमतेम दोन फूट. गेला तर सामना पुढे चालू, चुकला तर हार. काठाला दोनशे माणसं श्वास रोखून उभी.

वॉटीने पटर, चेंडू खड्ड्यात ढकलायची काठी, चेंडूमागे टेकवला. मग मागे सरला.

"चेंडू हलला. एक दंड माझ्या नावावर."

काठावरच्या कुणालाच काही दिसलं नव्हतं. तेव्हाच्या नियमाने तो एका फटक्याचा दंड म्हणजे हार. गिल्बर्ट पाच पावलांवर होता. समोरच्याच्या शब्दावर शंका घेणं या गावात कुणाला शोभत नाही. टोपी काढून त्याने हात पुढे केला.

चषकावर नाव गिल्बर्टचं कोरलं गेलं. गोष्ट मात्र वॉटीची झाली. नव्या सभासदाला ती पहिल्याच दिवशी ऐकवतात. "मग जिंकलं कोण?" असं कुणी विचारलंच, तर बारमागची नेटी ग्लास पुसत म्हणते, "होता कुणीतरी. अगं बाई, हा काय, इथेच बसलाय!"

सतरावा. बरोबरी.

"चेहरा सरळ कर, गिब. मयताला आल्यासारखा खेळतोयस. माझं मयत अजून बाकी आहे."

"तुला विनोद सुचतात. तू हरूनही जिंकलास."

एरवी या बोलण्यावर वॉटी हसला असता. या वेळी त्याने नुसती काठी पिशवीत ठेवली.

अठरावा. बरोबरी.

समुद्रावरून धुकं चढत होतं. गिल्बर्टचा होल चार फटक्यांत संपला. वॉटीचा चेंडू तीन फटक्यांनंतर खड्ड्यापासून दोन फुटांवर येऊन थांबला.

इतक्या जवळचा चेंडू, त्यात समोरचा आजारी. 'उचल, दिला' म्हणून तो खड्ड्यात गेला असं धरायची रीत. वॉटीने मान वर करून पाहिलं. गिल्बर्ट पाण्याकडे बघत राहिला.

"देत नाहीस?"

"मार."

वॉटी उभा राहिला. पटर थरथरला, गवताला लागला, पुन्हा उचलला गेला. वॉटी मागे सरला.

"चेंडू हलला, गिब."

"हलू दे की! नियम बदलून किती वर्षं झाली. खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर चुकून हलला तर आता दंड नाही. जागेवर ठेव आणि मार."

"माहीत आहे. नव्यांना मीच शिकवतो."

वॉटी कसाबसा वाकला, चेंडू उचलून खिशात टाकला. टोपी काढली. हात पुढे केला.

"जिंकलास."

"असं नाही!" गिल्बर्टचा आवाज चिरकला. "असं नकोय मला. परत ठेव तो. चुकव, पण मार. एवढं तरी दे मला."

"हात बघ माझे. तेव्हाही असेच थरथरत होते. फक्त आतून."

पुढे केलेला हात त्याने मागे घेतला नाही.

"एकोणचाळीस वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, गिब. आज तरी विचार. त्या दिवशी तो खरंच हलला होता का?"

गिल्बर्टने विचारलं नाही. पाच पावलांवरून त्याने त्या दिवशी चेंडूवरची नजर क्षणभरही काढली नव्हती. चेंडूवरची निळी रेघ खड्ड्याकडे तोंड करून होती, आणि वॉटी मागे सरला तेव्हाही ती केसभर हललेली नव्हती.