टॉर्चचा ठिपका

हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने टिपणाऱ्या भारतीय संघात चारूची निवड झाली, पण सरावाची काडतुसं येईनात. तिच्या वडिलांनी, केशवरावांनी, फोन केला की नेमबाजी संघटनेतला माणूस म्हणायचा, "हौ साब, परसों आ जाते." स्पर्धा तोंडावर आली. शेवटी नल्लकुंट्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरातच सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी दिवे मालवून केशवराव भिंतीवर टॉर्चचा ठिपका पळवायचे, चारू रिकामी बंदूक त्यामागे फिरवून चाप ओढायची आणि ते तोंडाने "ठो" म्हणायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळूच. ठिपका तिने कधी चुकवला नाही. स्पर्धेत कित्येक महिन्यांनी पहिला खरा बार उडाला आणि दणक्याने ती दचकली. पुढे प्रत्येक तबकडीला चाप ओढण्याआधीच तिचे डोळे मिटत गेले. घरी परतल्यावर तिने टेबलावरचा टॉर्च उचलून केशवरावांच्या हातात ठेवला. "बाबा, तुम्ही 'ठो' फारच हळू म्हणायचात."