भिंतीतले ठोके

डोळखांबच्या वरच्या पाड्यामागे डोंगरात एक जुनं लेणं आहे. भर दुपारी तिथे निशांत नावाचा एक व्हिडिओवाला कॅमेऱ्यासमोर सांगत होता, की असे खांब माणसाच्या हातून होणं शक्यच नाही. ते परग्रहावरच्यांनीच कोरले.

पाटे-वरवंटे घडवणारी लहानी ते ऐकत उभी होती. तिचं डोकंच फिरलं.

"आमच्या वाडवडलांचे हात झडले होते काय रे?" तिने पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. "बघ, मानूस कसा कोरतो ते!"

तिने आतल्या भिंतीवर तीन ठोके घातले. भिंतीतून तीन ठोके आले.

"घुमतंय, मावशी," निशांत म्हणाला.

लहानीने आणखी तीन ठोके घातले आणि ती थांबली. भिंतीतले ठोके थांबले नाहीत. पलीकडे तर नुसता भरीव डोंगर होता.

"मावशी, पळा! तेच आलेत!" कॅमेरा टाकून निशांत बाहेर धावला.

लहानी मात्र भिंतीला कान लावून ठोके ऐकू लागली.

"मी नाय जायची. आत ठोकनारा हात दगड घडवनाऱ्याचा हाय."

तेवढ्यात भिंतीतून एक कपची उडाली आणि बोटभर भोक पडलं. लहानीने त्यात छिन्नी खुपसली.

"ये, कोन हायस ते बघू!"

आतून कुणीतरी छिन्नी घट्ट धरली.