हो काकू, झालं!

जपानहून मराठी शिकायला एकटीच आलेली मिहो महाल नावाच्या जुन्या वस्तीत शशिकलाकाकूंच्या घरी खालच्या खोलीत भाड्यानं राहायची. संध्याकाळी ती क्लासहून आली, की काकू वरच्या गॅलरीतून विचारायच्या, "काय वं मिहो, जेवली का?"

पहिल्या दिवशी ती नुसती मान लववून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं क्लासमध्ये सरांना विचारलं, याला काय उत्तर द्यायचं. सर हसले. "इकडे सगळेच असं विचारतात. 'हो, झालं' म्हणायचं अन् पुढे जायचं."

दिवसभरात कोणी आपणहून तिच्याशी बोललेलं ते एकच वाक्य असायचं. म्हणून उत्तर चुकू नये, याची ती फार काळजी घ्यायची. रोज हसून म्हणायची, "हो काकू, झालं!" आणि मग खोलीत जाऊन, वरून येणारा पाटवडीच्या रश्श्याचा वास घेत, दुधात ब्रेड बुडवून खायची.



वर काकू दुसरं ताट पुन्हा फळीवर ठेवत रायपूरला दिलेल्या लेकीला फोनवर सांगत होत्या, "आजही बाहेरूनच जेवून आली वं ते पोरगी. मी आपली रोज दोन ताटं मांडून राहिली."