उपाशी बरणी

दवाखान्यातून तपासणीला आलेल्या नर्स रुबिनाने मंदाकाकूंच्या ओट्यावरची बरणी उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. आतली बुरशी एव्हाना केशरी व्हायला हवी होती. ती पांढरीशुभ्र, गुबगुबीत दिसत होती.

"काकू, हिला काही खायला घातलंत?"

"चिमूटभर साखर," काकू पुटपुटल्या. "माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही."

खाटेवर पडलेले त्यांचे पती यशवंतराव खोकत खोकत हसले. त्यांच्या पोटातल्या गाठीसारख्या गाठींवरचं औषध मिरजेत आता घरोघरी असं बरणीतच पिकत असे.

रुबिनाने कपाळाला हात लावला. "अहो, उपाशी राहिली तरच ही स्वतःच्या पेशींच्या आत इवल्या इवल्या खोल्या बांधते आणि त्यांत विष तयार करून कोंडून ठेवते. तेच विष काकांची गाठ जिरवतं. पोट भरलं की ही खोल्या मोडून निवांत बसते. आता पुन्हा उपास घडवा. ह्या वेळी चुकलं तर गाठ हाताबाहेर जाईल. औषध काढून घेतलं की मग हवं ते घाला हिला."

काकूंनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि त्या दिवसापासून स्वतःही नुसत्या बिनसाखरेच्या चहावर राहिल्या.

"अगं, उपास बुरशीचा आहे, तुझा नाही!" यशवंतराव चिडले.

"घरातल्या एकाला उपाशी ठेवून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

अखेर बरणी केशरी झाली. रुबिनाने औषध काढून यशवंतरावांना पाजलं. ते भिंतीला धरून उठले आणि दहीभात कालवून त्यांनी ताट काकूंपुढे धरलं.

"थांबा जरा," म्हणत काकूंनी फळीवरचा डबा खाली काढला आणि आधी बरणीला साखर घातली.